मंगळवारचं मुखपृष्ठ

ते साल आमच्या बौद्ध गणतीने २५४५, इसवी सनाने २००२. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, शनिवारी दुपारी चार वाजता, थोंगबायमावशींना अग्नी द्यायचा होता. त्याआधी त्यांच्या पुस्तकाच्या हजार प्रती देवळात पोचायला हव्या होत्या. ते पुस्तक छपाईसाठी तयार करून देण्याचं काम माझं होतं, आणि ते मी जवळजवळ बुडवलं होतं.

बँकॉकच्या दक्षिणेला, पेचबुरीत कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक पंखा. लग्नपत्रिका आणि शाळांचे अहवाल यायचे, पण माझी ओळख होती ती अंत्यविधीच्या पुस्तकांसाठी. घरातलं मोठं माणूस गेलं की घरचेच लोक त्याच्या नावाने पुस्तक छापून घेतात. आलेली माणसं चितेवर चंदनाचं फूल ठेवून पायऱ्या उतरतात, आणि खाली उभे असलेले घरचे त्यांच्या हातात ते पुस्तक ठेवतात. ते विकत मिळत नाही. ज्यांना पुस्तक जमत नाही ते डोकेदुखीच्या मलमाची डबी वाटतात. कुणी त्यात धर्मवचनं छापतं, कुणी गेलेल्याचं चरित्र, कुणी त्याच्या हातच्या पाककृती. तोवर अशी दोनशेच्या वर पुस्तकं मी तयार केली होती. एकही उशिरा गेलं नव्हतं, आणि याचा मला गर्व होता.

थोंगबायमावशी बाजारात मिठाई करून विकायच्या. नारळाच्या दुधातली अंड्याची वडी त्यांच्यासारखी कुणाला जमत नसे. वर्षावास लागला त्या दिवशी, जुलैत, त्या गेल्या. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे शव शंभर दिवस देवळात ठेवून मग दहन करायचं ठरलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांची मुलगी प्रनोम निळ्या पुठ्ठ्याची एक वही घेऊन माझ्या दुकानात आली. मी तिला लहानपणापासून ओळखत होते, पण अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं. तिच्या थोरल्या भावाने, विचियनने, आपल्या शाळेतल्या एका मास्तरांशी तिचं लग्न ठरवलं होतं. पत्रिका वाटून झाल्यावर ती सोंगखलाच्या एका मच्छीमाराबरोबर दक्षिणेला निघून गेली. मावशी रागाने म्हणाल्या होत्या, माझं तोंड पाहू नकोस. दोघीही हट्टी. प्रनोमने खरंच पाहिलं नाही, ती आली ते शवपेटीचं झाकण लागल्यावर.

वहीच्या पहिल्या पानावर मावशींच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'मला जाळाल त्या दिवशी हे छापून वाटा. मलम वाटू नका. मलम सगळेच वाटतात.'

मी हसले. प्रनोम हसली नाही.

"अरुणीताई, दादाने मलमाच्या हजार डब्या आधीच आणून ठेवल्यात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विचियन स्वतः आला. तो आता हेडमास्तर झाला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा, पण सगळं गाव त्याला सर म्हणायचं, मीही.

"आईची इच्छा आहे तर होऊ दे पुस्तक," तो बहिणीकडे न बघता मला म्हणाला. "पण ही सगळ्या गोष्टी अर्ध्यावर टाकून पळते, हे गावाला ठाऊक आहे. पुस्तक वेळेवर आलं, बिनचूक आलं, तर हिने पायऱ्यांशी माझ्या शेजारी उभं राहून ते वाटावं. नाही आलं तर मी मलम वाटीन. मग हिने पाहुण्यांत बसावं."

"सर, तिच्या आईचं दहन आहे," मी म्हटलं.

"माझ्याही आईचं आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

प्रनोमने वही माझ्यासमोर सरकवली. मग म्हणाली, "ताई, मी आईला पाणी पाजलं नाही की तिची चादर बदलली नाही. एवढं एक राहिलंय. हे गेलं तर काही उरत नाही."

मी तिला सांगितलं, माझ्या हातून पुस्तक चुकत नाही.

तीन आठवडे ती रोज यायची. मी टंकायची, ती वही वाचून दाखवायची. आमच्या लिपीत शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाहीत, आणि त्या काळच्या कॉम्प्युटरला शब्द कुठे संपतो ते कळत नसे. तो ओळ कुठेही तोडायचा. म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासून हाताने तोडावी लागे. मावशींनी वहीच्या पानांना स्वतः आकडे घातले होते. सत्तावन्न नंतर एकदम साठ आलं. मध्ये पात्याने कापल्यासारखी एक बारीक कड उरली होती.

"इथलं एक पान नाही," मी म्हटलं.

"वही आधी दादाकडे होती. शाई सांडली म्हणाला."

मी पुढे टंकत राहिले.

पुस्तक एकशे बारा पानांचं बसलं, म्हणजे सोळा पानांचे बरोबर सात फॉर्मे. प्लेट बनवायची फिल्म बँकॉकला निघायची आणि छपाई इथेच, सेंगशेटच्या प्रेसमध्ये. सेंगशेट साठीचा, गालफडं बसलेला चिनी बाप्या. त्याचं एकच मशीन होतं आणि त्यावर त्याचा बायकोपेक्षा जास्त जीव होता, असं त्याची बायकोच सांगायची. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे फॉर्मे मी दहनाच्या आठवड्यात सोमवारी सीडीवर घालून पाठवले, आणि बुधवारपर्यंत ते छापूनही झाले. पहिला फॉर्मा तेवढा अडला होता, कारण देवळाच्या महाथेरांनी, थोरल्या भिक्षूंनी, प्रस्तावना बुधवारी सकाळी दिली.

पहिल्या फॉर्म्यात आणखी दोन गोष्टी असतात. पहिल्या पानावर गेलेल्या माणसाच्या जन्मवाराची बुद्धमूर्ती. प्रत्येक वाराची मुद्रा वेगळी, रंग वेगळा. आणि पाचव्या पानावर जन्म, मृत्यू, वय. मुखपृष्ठाचा रंगही जन्मवाराचाच घ्यायचा. मी विचियनला फोन केला. त्याने सरकारी घरपत्रकातून तारीख वाचून दाखवली, २४ जानेवारी २४७०.

"वार कोणता होता, सर?"

"मी तेव्हा जन्मलो नव्हतो, बाई. तुमच्या कॉम्प्युटरला विचारा. एवढं महागाचं यंत्र घेतलंय ना?"

मी विचारलं. कॉम्प्युटरला इसवी सन लागतं, म्हणून पाचशे त्रेचाळीस वजा केले, १९२७ आलं. सोमवार. वय पंच्याहत्तर वर्षं, सहा महिने, एक दिवस. सोमवारचा रंग पिवळा. माझ्याकडे सातही वारांच्या मूर्तींची चित्रं होती, त्यातली सोमवारची, एक हात उचलून उभी असलेली, पहिल्या पानावर बसवली. विचियनला कळवलं, त्याने मलमाच्या डब्यांवर पिवळी लेबलं लावून घेतली. प्रनोमने तोवर प्रुफं पाहिली होती ती काळीपांढरी, आणि पहिल्या पानावर त्यात नुसती चौकट होती.

मग माझी नेहमीची तपासणी. कापताना पांढरी कड दिसू नये म्हणून मुखपृष्ठाचा रंग चारी बाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर काढलेला. अक्षरांचं काळं एकाच शाईचं. फाँट फाइलच्या आत बांधलेले, नाहीतर बँकॉकच्या कॉम्प्युटरवर मात्रा उड्या मारतात. कण्याची जाडी पुन्हा मोजली. सगळ्यावर खुणा केल्या आणि सीडी बुधवारी दुपारच्या व्हॅनने गेली. बिनचूक फाइल होती ती. मी आजही तेच म्हणेन. फाइल बिनचूक होती, आत भरलेलंच चुकीचं होतं.

गुरुवारी दुपारी फिल्म आली. दोन वाजता मी प्रेसमध्ये पोचले तेव्हा मुखपृष्ठ मशीनवर चढलं होतं आणि पिवळे कागद एकावर एक पडत होते. सेंगशेट खुशीत होता.

"बघ अरुणी, पिवळा कसा उतरलाय. अंड्याच्या वडीसारखा. मावशीला शोभतोय."

प्रनोम बर्फाच्या कॉफीच्या तीन पिशव्या घेऊन आली. पिवळ्या कागदाकडे तिने पाहिलं, मग टेबलावर पडलेली पहिल्या फॉर्म्याची फिल्म उचलून उजेडासमोर धरली. 

"ताई, हे उभे का आहेत?"

"सोमवारचे असेच असतात."

"आई सोमवारची नव्हती."

मशीनच्या आवाजात मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ती दर वाढदिवसाला डोंगराखालच्या निजलेल्या बुद्धाकडे जायची," प्रनोम म्हणाली. "मला हाताला धरून न्यायची. पायांशी बसायची. गुलाबी कमळं न्यायची."

निजलेली मुद्रा मंगळवारची. मंगळवारचा रंग गुलाबी. हे पोरंसोरंही सांगतील.

"कॉम्प्युटर सोमवार दाखवतोय," मी म्हटलं. 

तिने फिल्म खाली ठेवली. "मग असेल. मी अठरा वर्षं इथे नव्हते. माझंच चुकत असेल. नका थांबवू."

ती तसं म्हणाली नसती तर कदाचित मी वाद घातला असता. पण एका मुलीला आपल्या आईचा वारसुद्धा आपल्याला ठाऊक नसेल असं वाटावं, हे मला बघवेना. मी ती फिल्म घेतली आणि पाचव्या पानावरची तारीख पुन्हा वाचली. जानेवारी. मग मला आठवलं.

आमचं वर्ष पूर्वी एप्रिलमध्ये सुरू व्हायचं. ते जानेवारीपासून धरायचं ठरलं २४८४ साली, आणि त्यापायी २४८३ साल नऊच महिन्यांचं झालं. त्याआधी जन्मलेल्या माणसाचा जानेवारी हा वर्षाच्या सुरुवातीला नव्हे, शेवटी यायचा. म्हणजे २४७० चा जानेवारी इसवी सनाच्या १९२७ मधला नाही, १९२८ मधला. आम्हाला हे शाळेत शिकवलं होतं. आणि जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या म्हाताऱ्यांची पुस्तकं मी आधीही केली होती. पण तेव्हा घरच्यांनी वार सांगितला होता, मी फक्त रंग भरला होता. मी कागदावर मोजलं. १९२८ चा २४ जानेवारी मंगळवार. वय चौऱ्याहत्तर.

"सेंगशेट, मशीन थांबवा."

त्याने थांबवलं. मी सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "पण घरपत्रकाचं काही सांगता येत नाही, अरुणी. माझ्या बापाचं जुनं पत्रक फाटलं, नवं केलं, तेव्हा कारकुनाने साल सुधारून लिहिलं. मावशीचंही सुधारलं असेल तर तुझा सोमवारच खरा."

तो म्हणत होता ते खरं होतं. पत्रकातलं साल जुन्या गणतीचं की सुधारलेलं, हे कागद पाहून कळत नाही. एकदा चुकले होते, अंदाजाने दुसऱ्यांदा चुकायची माझी हिंमत नव्हती.

"मला पाच वाजता उत्तर पाहिजे," सेंगशेट म्हणाला. "पाचच्या पुढे थांबलो तर उद्या बांधणीला काही देता येणार नाही. डिंक वाळायला रात्र लागते. उत्तर नसेल तर पिवळं चालू. पिवळं काही वाईट दिसत नाही, आणि पायऱ्या उतरताना कोण वार मोजतंय?"

"दादा मोजेल," प्रनोम म्हणाली.

मी मोटारसायकल काढली. तीन वाजून गेले होते.

विचियन घरी ओट्यावर बसला होता. समोर मलमाच्या डब्यांची खोकी, आणि तो एकेका डबीवर पिवळं लेबल सरळ लागलंय का ते बघत होता. वाकडं असेल तर नखाने काढून पुन्हा लावायचा. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही.

"म्हणजे पुस्तक होत नाही," तो म्हणाला.

"होईल. पाचच्या आत वार कळला तर होईल. मावशी कधी बोलल्या असतील. कुठल्या वारी नखं कापायच्या नाहीत, कुठला रंग नेसायच्या. तुम्ही त्यांच्याजवळ होतात."

"होतो ना," तो म्हणाला. "अठरा वर्षं मीच होतो. शेवटची तीन वर्षं आंघोळ मी घातली. मिठाईची भांडी घासली. शाळेत जायच्या आधी भाताची पेज भरवली."

 भिंतीवरच्या घड्याळात चारला वीस मिनिटं होती. त्याने 'सोमवार' एवढा एक शब्द म्हटला असता तर मला माघारी जाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. 'ठाऊक नाही' म्हटलं असतं तरी तेच. तो डबी हातात फिरवत बसला. माझ्या मनात आलं, याला ठाऊक आहे. आणि याला ठाऊक आहे हे मला कळलंय, हेही त्याला कळलंय.

"सर, ती म्हणते माझंच चुकत असेल," मी म्हटलं. "मशीन चालू ठेवा म्हणाली."

त्याने मान वर केली. "असं म्हणाली?"

"हो."

तो उठून आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा हातात चष्म्याचं जुनं घर होतं. ते उघडून त्याने चौघडी केलेलं एक पान काढलं आणि माझ्याकडे दिलं. मावशींचं अक्षर. कोपऱ्यात आकडा अठ्ठावन्न.

'दर चोवीस जानेवारीला मी निजलेल्या बुद्धाकडे जाते. कमळांच्या दोन जुड्या नेते. एक माझी, एक प्रनोमची. आम्ही दोघी मंगळवारच्या. ती तिकडे समुद्राकाठी वाहते की नाही कुणास ठाऊक, म्हणून तिची मीच वाहते.'

पुढे आणखी काही ओळी होत्या, प्रनोमच्या लहानपणच्या.

"शाई सांडली नव्हती," तो म्हणाला. "तीनदा वाचलं मी. माझं नाव कुठेच नाही त्यात."

 मी पान जपून पिशवीत ठेवलं.

"चित्र आडवं येईल, सर. पानात खाली जागा उरेल. यातल्या ओळी तिथे घालू का?"

"पान तुमच्या हातात दिलंय," तो म्हणाला. "पुन्हा कशाला विचारता?"

मी प्रेसवर पोचले तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. सेंगशेटने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता रॉकेलची बाटली काढली. मशीन धुवायला घेतलं.

नवी फिल्म आता मिळणं शक्य नव्हतं. बँकॉकचं ऑफिस बंद व्हायला आलं होतं आणि शुक्रवारी दुपारच्या आत व्हॅन परत येत नाही. पण मुखपृष्ठाला फिल्मची गरजच नव्हती. मी ते दोन शाईंचं केलं होतं, एक रंग, त्यातच मावशींचा फोटो, आणि अक्षरांना काळा. प्लेटला रंग कळत नाही, तिला फक्त जागा कळते. त्याच पिवळ्याच्या प्लेटवर गुलाबी शाई लावली की झालं. सेंगशेटने लाल आणि पांढरी शाई काचेवर घेऊन कालवायला सुरुवात केली.

"कमळासारखा पाहिजे," प्रनोम म्हणाली.

"उमललेल्या की मिटलेल्या?"

"मिटलेल्या. आई मिटलेलीच न्यायची."

"तुझी आई गिऱ्हाईक असती तर मी धंदा सोडला असता," सेंगशेट म्हणाला आणि आणखी थोडी पांढरी घातली.

पहिला फॉर्मा अवघड होता. मी दुकानात पळाले. निजलेल्या बुद्धाचं चित्र काढलं, खाली मावशींच्या हस्ताक्षरातल्या त्या ओळी स्कॅन करून बसवल्या. पाचव्या पानावर वय बदललं. ही दोनच पानं लेझर प्रिंटरवर बटर पेपरवर काढली, जशी फिल्म परवडत नव्हती तेव्हा सगळेच काढायचे. पहिला कागद गरम होऊन आकसला. दुसऱ्यावर काळ्याला ठिपके आले. बटर पेपर मुळात तीनच होते. तिसरा मी पंख्याखाली आधी गार केला, मग घातला, आणि मशीनमधून बाहेर येईपर्यंत श्वास धरून उभी राहिले. नीट आला. दोन्ही पानं त्या एका कागदावर शेजारी शेजारी होती, आणखी संधी नव्हती.

प्रेसमध्ये काचेखालचा दिवा लावून फिल्म वर ठेवली. पात्याने पहिल्या पानाच्या जागी खिडकी कापली, उभ्या बुद्धांना नमस्कार करून बाजूला काढलं आणि निजलेले तिथे बसवले. अर्धा मिलिमीटर वाकडं गेलं तरी पान तिरकं दिसतं. म्हणून प्रनोमने पट्टी धरली. तेव्हा तिने खालच्या ओळी वाचल्या.

 तिचं बोट त्या अक्षरांकडे गेलं.

"हात लावू नकोस, डाग पडेल," सेंगशेट मागून म्हणाला, पण हळू.

तिने बोट मागे घेतलं. "हे पान कुठे मिळालं?"

"दादाने दिलं," मी म्हटलं. आणखी काही सांगितलं नाही.

आठ वाजता पहिला गुलाबी कागद बाहेर आला. पिवळे दोनशे कागद वाया गेले होते, तेवढ्यांसाठी सेंगशेटने माळ्यावरून दुसरा पुठ्ठा काढला, जरा खरखरीत. शुक्रवारी दिवसभर आम्ही तिघं आणि सेंगशेटची बायको फॉर्मे जुळवत बसलो. शनिवारी सकाळी पाहिलं तर डिंक अजून ओला होता. हवा दमट होती. घाईने कापलं असतं तर कणा सुटला असता. अकरा वाजले, बारा वाजले. सेंगशेट दर थोड्या वेळाने एक प्रत अंगठ्याने वाकवून बघायचा आणि मान हलवायचा. प्रनोम काळे कपडे घालून तयार होती आणि पंख्याची दिशा बदलत होती. एक वाजता त्याने कापायचं यंत्र सुरू केलं. शेवटचा गठ्ठा पिकअपमध्ये चढला तेव्हा साडेतीन झाले होते.

देवळात लोकांची रांग लागली होती. विचियन पायऱ्यांशी उभा होता, शेजारी मलमाची खोकी उघडी. आम्ही गठ्ठे उतरवले. प्रनोमच्या हातात पहिल्या दहा प्रती होत्या, त्यांना डिंकाचा वास येत होता. ती त्याच्यापासून चार पावलांवर थांबली.

त्याने वरची प्रत घेतली. पहिलं पान उघडलं, मग पाचवं. कणा दाबून पाहिला. पेपर तपासत असावा तसा. मग पुस्तक मिटून स्वतःच्या काखेत धरलं.

"उशीर झाला," तो म्हणाला. "ये, या बाजूला उभी राहा. त्या बाजूला ऊन आहे."

लोक चंदनाची फुलं ठेवून उतरू लागले. ती पुस्तक द्यायची, तो मलम द्यायचा. बाजारातल्या एका म्हातारीने दोन्ही हातांत दोन्ही धरून विचारलं, "पुस्तक गुलाबी नि मलम पिवळं. थोंगबाय नक्की कुठल्या वारची गं?"

"मंगळवारची, मावशी," विचियन म्हणाला. "मलम चुकलंय."

सेंगशेट २५५६ साली गेला. त्याच्या मुलाने मशीन भंगारात घातलं आणि आता तो त्या जागी स्टिकर छापतो. सेंगशेटचं पुस्तक मी केलं. त्याच्या बायकोने वार तीनदा सांगितला, आणि तरी मी मोजून पाहिला.

प्रनोम सोंगखलालाच राहिली. नवऱ्याची होडी वादळात मोडली, मग तिने घाटावर आईच्या पुस्तकातली अंड्याची वडी विकायला घेतली. त्यावर तिची दोन मुलं शिकली. चोवीस जानेवारीला ती रात्रीच्या गाडीने पेचबुरीला येते आणि माझ्याकडे नाश्ता करते.

विचियन निवृत्त झाल्यावर एकदा दुकानात आला होता, हातात एक वही. त्याने आईच्या शेवटच्या तीन वर्षांचं लिहून काढलं होतं, औषधाच्या वेळांसकट. 'माझ्या वेळेला,' एवढंच म्हणाला. २५६१ मध्ये ती वेळ आली. त्याचा जन्म शनिवारचा, म्हणून मुखपृष्ठ जांभळं, आणि पहिल्या पानावर नागाच्या फण्याखाली बसलेले बुद्ध. त्याने बायकोमुलं केली नव्हती. पायऱ्यांशी प्रनोम एकटी उभी राहिली. तेव्हापासून ती कमळांच्या तीन जुड्या आणते, दोन निजलेल्यांना आणि एक फण्याखालच्यांना.

मी दुकान बंद करून सहा वर्षं झाली. डोळे आता ओळी तोडू देत नाहीत, आणि नवे कॉम्प्युटर त्या आपल्या आपण तोडतात. वाया गेलेल्या पिवळ्या कागदांच्या सेंगशेटने वह्या शिवल्या होत्या, कोऱ्या बाजूवर लिहायला. त्यातली शेवटची माझ्याकडे आहे. हे सगळं मी तिच्यातच लिहिलं. पान उलटलं की मागे मावशींचा फोटो येतो, सोमवारच्या रंगात.